कार्तिक शके १९०९ ची बैठक: खरखर काढायची आहे, पण तंबोरा राखायचा आहे

कारंजा_कोपरा

रविवार कारंजाजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात शके १९०९ च्या कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८७ मध्ये, एका ज्येष्ठ गायकांची खासगी बैठक झाली होती. रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेले गाणे मध्यरात्र उलटल्यावर संपले. माझ्या धाकट्या काकांनी ते सेलवर चालणाऱ्या साध्या मोनो टेपरेकॉर्डरवर नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटांत उतरवून घेतले. पुढे ऐकणाऱ्यांनी त्यांच्या प्रती काढल्या, त्या प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि हे गाणे नाशिकबाहेरच्या रसिकांकडेही पोहोचले. माझ्या कानावर आलेल्या प्रतींपैकी बहुतेकींत आता गाण्यापेक्षा खरखरच अधिक आहे. गेल्या वर्षी काकू वाड्यातली खोली रिकामी करत असताना ट्रंकेत मूळ दोन्ही कॅसेटा सापडल्या, म्हणून हा धागा काढत आहे. गायकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्या कन्येला मी पत्र पाठवले आहे आणि उत्तर येईपर्यंत नाव उघड करणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्यांनी ती प्रत ऐकली आहे त्यांना ओळख पटेलच. त्यांनीही कृपया संयम ठेवावा.

आरंभी माझ्याकडून झालेली चूक सांगतो. घाई करून मी पहिली कॅसेट शहरातल्या एका दुकानात देऊन आलो. चार दिवसांनी मला एमपी३ फाइल मिळाली. खरखर खरोखरच नाहीशी झाली होती, पण गायक जणू एखाद्या रिकाम्या पेटाऱ्यात बसून गात आहेत असे ऐकू येत होते. दोनतीन वेळा ऐकल्यावर लक्षात आले की तंबोरा गायब आहे. सूर लागला की त्याच्यासोबत तो क्षणभर वर येतो आणि गायकांनी श्वास घेतला की पुन्हा बुडतो. दुकानदाराने काम प्रामाणिकपणे केले असेल, पण आपण काय पुसले हे त्याला ऐकू आले नाही आणि मूळ ध्वनी त्याने साठवूनही ठेवला नव्हता. सुदैवाने कॅसेट शाबूत परत मिळाली.

त्यानंतर सगळे घरीच करायचे ठरवले. ट्रंक पावसाळ्यात ओल्या भिंतीला लागून होती, त्यामुळे दुसऱ्या कॅसेटच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली तर बुरशी हेडला आणि रबरी चाकाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. म्हणून ती आधी कोरड्या हवेत ठेवली, मग स्क्रू काढून कवच उघडले आणि फीत मऊ कोरड्या कापडातून सावकाश ओढत दुसऱ्या कवचात गुंडाळली. फीत दाबून धरणारी नमद्याची गादी निखळून पडली होती, ती एका जुन्या निरुपयोगी कॅसेटमधून काढून बसवली. कोणी फीत ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. तो उपाय मोठ्या रिळांवरच्या काही विशिष्ट फितींसाठी आहे. पावसात भिजलेल्या साध्या कॅसेटशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरे काम हेडच्या स्क्रूचे. काकांच्या टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असणार, कारण सरळ हेडच्या डेकवर ही फीत बोळा कोंबल्यासारखी वाजते. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत गेलो आणि एका जागी तबल्याची चाट एकदम उघडी झाली. ही दुरुस्ती उतरवून घेण्याआधीच करायला हवी, कारण तिरक्या हेडने जे वरचे स्वर हरवतात ते नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी पूर्णपणे परत येत नाहीत. स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवली होती, हे सौभाग्यवतींच्या परवानगीने नमूद करतो.

आता दोन्ही कॅसेटांच्या चारही बाजू ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या मापात उतरवल्या आहेत. एका कॅसेटला सुमारे ३.१ जीबी जागा लागते आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे ध्वनी न गमावता आकार लहान करणाऱ्या रूपात, बांधल्यावर ती साधारण निम्म्यावर येते. यापुढे मला तीन अडचणी आहेत. पहिली, तंबोऱ्याला धक्का न लावता खरखर कितपत कमी करता येईल? दुसरी, दुसऱ्या कॅसेटमध्ये गायकांची पट्टी, म्हणजे मूळ सुराची उंची, हळूहळू चढत जाते. आरंभी षड्ज (सा) १३९ हर्ट्झच्या आसपास आहे आणि शेवटून दुसऱ्या चिजेच्या अखेरीस तो १५० पर्यंत पोहोचतो. एका परिचितांचे म्हणणे असे की आवाज तापल्यावर त्यांनी पट्टी वाढवली असेल. तिसरी, पहिल्या कॅसेटची पहिली बाजू बिहागच्या विलंबित ख्यालाच्या मध्येच संपते आणि दुसरी बाजू बऱ्याच पुढे सुरू होते. काका डोळे मिटून ऐकत बसले होते आणि बटण वर उडाल्याचा खटका त्यांना ऐकूच आला नाही, असे काकू हसून सांगतात.

जवारी

दुकानात काय घडले असेल ते मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. खरखर काढणाऱ्या बहुतेक आज्ञावलींना आधी नमुना द्यावा लागतो: जिथे कोणी गात नाही अशी काही सेकंदे निवडायची, आणि आज्ञावली त्या सेकंदांतला ध्वनी सगळ्या फाइलमधून वजा करत जाते. पाश्चात्त्य गाण्यात दोन गाण्यांमध्ये खरी शांतता असते, म्हणून ही रीत तिथे चालते. आपल्याकडे गायक गात नसले तरी तंबोरा वाजतच असतो. त्या ‘रिकाम्या’ सेकंदांत खरखर आणि तंबोरा दोन्ही होते, आणि यंत्राच्या दृष्टीने एकसारखे टिकून राहणारे ते सगळेच निरुपयोगी. जवारीतून, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांखाली घोडीवर बसवलेल्या दोऱ्यांच्या झंकारातून, उमटणारे वरचे स्वर आणि फितीची खरखर एकाच प्रदेशात नांदतात, हे त्यातले दुसरे दुखणे.

त्यावर उपाय असा की नमुना तंबोरे जुळण्याच्या आधीच्या क्षणांतून घ्यावा. माणसे बसत आहेत, कोणी पाणी मागत आहे, अशी एखादी दोन सेकंदांची फट बहुतेक फितींच्या आरंभी सापडते. त्या नमुन्यावरही वजाबाकी सहा डेसिबलच्या पुढे नेऊ नये. आणि प्रत्येक टप्प्याला, काढून टाकलेला भाग तेवढा वेगळा ऐकावा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत आज्ञावलीतही ती सोय आहे. त्या केरात षड्ज-पंचम गुणगुणताना ऐकू आले तर हात आखडता घ्यायची वेळ झाली असे समजावे.

काकांचा टेपरेकॉर्डर मोनो होता, याचा मात्र एक फायदा आपणास घेता येईल. मोनो यंत्र दीड मिलिमीटर रुंदीचा एकच पट्टा लिहिते, आणि स्टिरिओ डेकची दोन हेडे त्याच पट्ट्यातून ०.६ मिलिमीटरच्या दोन वेगळ्या वाटा वाचतात. म्हणजे आपल्या फाइलमधले डावे आणि उजवे हे एकाच गाण्याचे दोन साक्षीदार आहेत. बुरशीने कड खाल्ल्यामुळे एका बाजूचा आवाज जिथे क्षणभर दबतो तिथे दुसऱ्या बाजूचा तुकडा घ्यावा. असे केल्याने गाण्यात नसलेले काहीही आपण घालत नाही.

दाद, खोकला, पानाच्या डब्याचा आवाज यांना कृपया हात लावू नये. समेवर आलेली ‘वा’ पुसलेली एक प्रत मी एकदा ऐकली होती आणि ती सम मला अनाथ वाटली. ध्वनीची पातळी मध्ये मध्ये फुगते-दबते आहे का? तबल्याच्या ठोक्यानंतर तंबोरा मागे सरतो आणि मग हळूच पुढे येतो, असे होत असेल तर ते त्या यंत्राच्या आपोआप पातळी सांभाळण्याच्या सोयीमुळे आहे. ते सरळ करायला गेलो तर खरखरही त्याच तालात वरखाली होऊ लागते, म्हणून ते तसेच सोडावे.

आणि जाता जाता: आपण ज्याला बिहाग म्हणत आहात तो माझ्याकडच्या जीर्ण प्रतीत मला बिहागडा वाटला होता. अवरोहात कोमल निषाद डोकावतो. स्वच्छ प्रत आपल्यासमोर आहे, तेव्हा पुन्हा ऐकून पाहावे.

निवृत्त_अभियंता

पट्टीबद्दल बोलतो, कारण रागांविषयी मला अधिकार नाही. सेल उतरू लागले की टेपरेकॉर्डरची मोटर मंदावते. मंद चाललेल्या यंत्रावर मुद्रित केलेली फीत पुढे योग्य वेगाने वाजवली की सगळे जलद आणि उंच ऐकू येते. म्हणजे पट्टी चढली असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात सेल बसत चालले होते. वेग सहा टक्क्यांनी बदलला की स्वर अर्ध्या सुराने सरकतो. आपल्या आकड्यांत फरक आठ टक्के आहे, म्हणजे हार्मोनियमच्या काळी एकपासून निघून पांढरी दोनच्याही वर.

याची परीक्षा सोपी आहे. बैठकीत ध्वनिक्षेपक असेल तर त्याच्या अॅम्प्लिफायरची विजेची घरघर फितीवर आलेली असते आणि ती बहुधा १०० हर्ट्झवर ठळक दिसते. दुसऱ्या कॅसेटच्या आरंभी आणि शेवटी ती मोजून पाहा. षड्जाच्या प्रमाणातच तीही चढली असेल तर दोष यंत्राचा, कारण गायकांनी पट्टी वाढवली म्हणून वीज मंडळाने वारंवारता वाढवलेली नसते.

मात्र ही घरघर बरोबर १०० वर आणून बसवू नये. परदेशी मार्गदर्शनात तसे सांगतात, पण तिथली वीज स्थिर असते. मी एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात होतो. नियंत्रण कक्षातला तो काटा आम्ही दिवसरात्र पाहत असू. संध्याकाळी मागणी वाढली की ४९ च्या खाली आणि रात्री मागणी घटली की ५० च्या वर, अशी त्याची रोजची ये-जा होती. वारंवारतेनुसार विजेचा दर ठरवण्याची पद्धत २००२-०३ च्या सुमारास आली आणि मग कुठे तो काटा शिस्तीत राहू लागला. तेव्हा १९८७ च्या घरघरीवरून चढउतार ओळखावा आणि मूळ पट्टी साथीच्या पेटीवरून ठरवावी. पेटीच्या पट्ट्या तापत नाहीत आणि दमतही नाहीत.

कारंजा_कोपरा

अभियंतासाहेब, मोजले. घरघर १०१ वरून १०९ वर गेली आहे आणि षड्ज १३९ वरून १५० वर. प्रमाण तंतोतंत तेच. शिवाय दुसऱ्या कॅसेटच्या शेवटच्या बाजूवर भैरवीच्या आधी एक खटका आहे आणि त्यानंतर षड्ज एकदम १३९ वर उतरतो. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की मध्येच काकांनी मला, म्हणजे बारा वर्षांच्या पुतण्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला उठवून सेल आणायला पिटाळले होते. मला त्याची आठवण नाही, पण पुरावा फितीवर आहे. साथीची पेटी काळी एकची, म्हणजे १३८.६ ची धरून काम करतो.

जवारीसाहेब, कोमल निषाद आहे. माझ्या कानांविषयी यापुढे काही न बोलणे बरे.

भैरवीपर्यंत

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरत नाही. त्या पिढीतले ऐकणारे एकेक करून जात आहेत. आहे तशी फीत यूट्यूबवर टाकून द्यावी, ज्यांना ऐकायचे ते खरखरीतूनही ऐकतील. परवानगीच्या पत्राची वाट पाहत किती गाणी ट्रंकेतच कुजली याचा हिशेब कोणी केला आहे काय?

नोटीसवाला

भैरवीपर्यंत यांची तळमळ मला मान्य आहे, पण सल्ला मान्य नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा असला तरी कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. १९९९ मध्ये त्याची मुदत २५ वरून ५० वर्षे झाली आणि ती सादरीकरणाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. १९८७ ला हा हिशेब लावला तर २०३७ ची अखेर येते. बैठक दुरुस्तीच्या आधीची असल्यामुळे वकिलांना वाद घालायला भरपूर जागा आहे, आणि तो वाद आपल्या धाग्यावर नको. काकांनी स्वतःच्या ऐकण्यासाठी मुद्रण केले यात काही गैर नव्हते. खासगी उपयोगाला आणि खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनाला कायद्यातच मोकळीक आहे. जगासमोर खुले करणे ही निराळी गोष्ट आहे.

माझा मुख्य मुद्दा मात्र कायद्याचा नाही. खासगी बैठकीत गायक चिजांच्या मध्ये बोलतात. ते शब्द समोरच्या तीसचाळीस माणसांवर विश्वास ठेवून उच्चारलेले असतात. कारंजा_कोपरा, तुमच्या फितीत असे काही आहे काय?

कारंजा_कोपरा

आहे. पहिल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर, पाणी पिताना, त्यांनी एका समकालीन गायकाविषयी दोन बोचरी वाक्ये उच्चारली आहेत आणि सगळे खळखळून हसले आहेत. कन्येला पाठवलेल्या पत्रात मी त्याचा उल्लेख केला आहे.

पंचवटीकर

हा धागा वाचून मी माळ्यावर चढलो. माझे वडील त्या बैठकीला होते आणि त्यांनीही मुद्रण केले होते, असे आई म्हणत असे. मला वाटे की ती काकांच्याच फितीची प्रत असावी. आज ऐकून पाहिले. माझ्या कॅसेटवर विलंबित ख्याल अखंड आहे. एकाच मुद्रणाच्या दोन प्रती असत्या तर दोन्हींत एकाच जागी खंड पडला असता, तेव्हा हे दुसरे यंत्र असले पाहिजे. वडील ध्वनिक्षेपकाच्या जवळ बसले असावेत, कारण आमच्या फितीत तबला पुढे आणि गळा थोडा मागे आहे. मात्र माझ्याकडे पहिल्या तासदीडतासाचीच कॅसेट आहे.

कॅसेट टपालाने पाठवण्याची माझी तयारी नाही. व्हिक्टोरिया पूल ओलांडायला पाच मिनिटे लागतात. आपण घरी यावे.

जवारी

पंचवटीकरांच्या फितीतून खंड भरून काढायचा तर जोड देताना तीन गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या फितीची पट्टी पहिलीशी जुळवताना वेग बदलावा. लय तशीच ठेवून नुसती पट्टी सरकवणारी सोय वापरू नये, कारण वेग चुकला होता तेव्हा लयही चुकलेली होती. सांधा समेवर घेऊ नये, तिथे सगळ्यांचे कान असतात. आवर्तनाच्या मधल्या एखाद्या निवांत मात्रेवर घ्यावा. आणि जोडलेल्या भागाचा पोत मूळ भागासारखा करण्याच्या नादाला लागू नये. तीन-चार मिनिटे तबला पुढे आला तर ऐकणाऱ्याला कळू द्यावे की तो आता दुसऱ्या जागी बसला आहे.

कारंजा_कोपरा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम आणि उत्तर दोन्ही हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पंचवटीकरांच्या घरी माझाच डेक नेला, त्यांच्या फितीसाठी स्क्रू पुन्हा लावला आणि तीही ९६ किलोहर्ट्झवर उतरवली. त्यांची फीत विजेवर चालणाऱ्या यंत्राची असावी, कारण षड्ज सबंध कॅसेटभर १४१ वर स्थिर आहे. खंड तीन मिनिटे वीस सेकंदांचा निघाला. त्या अवधीत गायक मंद्रात उतरून पंचमावर इतका वेळ थांबले आहेत की काकांना खटका का ऐकू आला नाही हे मला समजले. दोन्ही फितींत एकाच गृहस्थांचा खोकला आहे. आमच्या बाजूला तो कानाशी येतो आणि त्यांच्या बाजूला दाराजवळून. जोड सातव्या मात्रेवर घेतला आहे. दुसऱ्या कॅसेटचा चढत जाणारा वेग ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकवर दर दोन मिनिटांनी षड्ज मोजून खाली आणला. खरखर चार डेसिबलनेच कमी केली आहे. ज्यांना ती अधिक वाटेल त्यांनी आवाज थोडा लहान करून ऐकावे.

कन्येचे उत्तर सविस्तर आहे. तिने दोन्ही प्रती ऐकल्या: एक काहीही न बदललेली आणि एक दुरुस्त केलेली. गाणे रसिकांना विनामूल्य द्यायला तिची संमती आहे. विक्री नको, जाहिरात मिळवून देणाऱ्या वाहिनीवर नको, आणि गाण्यावर मध्येच स्वतःच्या नावाचा पुकारा घालणाऱ्यांच्या हाती तर मुळीच नको. पाणी पितानाची ती दोन वाक्ये वितरणाच्या प्रतीतून काढावीत, पण न बदललेल्या प्रतीत ती राहू द्यावीत आणि ती प्रत तिच्याकडे आणि माझ्याकडे एवढीच असावी, असे तिने लिहिले आहे. त्या गायकाशी पुढे वडिलांचा समेट झाला होता आणि तो कुठल्याच फितीवर नाही, हे तिचे वाक्य तिच्या अनुमतीने येथे देत आहे. भैरवीपर्यंत यांना या अटी जाचक वाटतील. मला तशा वाटल्या नाहीत.

त्यामुळे न बदललेली प्रत सर्वांना देण्याचा माझा मूळ बेत मागे घेतला आहे. त्याऐवजी प्रत्येक फाइलसोबत मजकुराची एक लहान फाइल असेल: कोणती फीत, कोणता डेक, हेड हलवले किंवा नाही, वेग कुठे किती बदलला, जोड कुठून कुठपर्यंत पंचवटीकरांचा, आणि कुठे पंचवीस सेकंद काढले. फाइल वाटेत बदलली गेली नाही हे तपासता यावे म्हणून एमडी५ ची ओळही दिली आहे. कोणी तिची एमपी३ करून फोनवर ऐकावी, पण पुढे देताना फ्लॅकच द्यावी, ही विनंती. ज्यांना हवी असेल त्यांनी मला खासगी निरोप पाठवावा. रिकामा पेनड्राइव्ह घेऊन वाड्यावर आले तरी चालेल, काकू चहा करतात.

पंचवटीकर, आपली कॅसेट या रविवारी सकाळी परत आणून देतो. डब्याच्या कागदाच्या आतल्या बाजूला आपल्या वडिलांनी शिसपेन्सिलीने चिजांची यादी लिहिली आहे, ती आपण पाहिली नसावी. पहिल्या ओळीत स्वच्छ ‘बिहागडा’ आहे. काकांच्या हातचा ‘बिहाग’ मी माहितीच्या फाइलमध्ये दुरुस्त केला आहे. कॅसेटवरचा मात्र तसाच ठेवला आहे.